टीएमसी मोजणाऱ्यांनी आता किलोही मोजावेत

१५ ऑक्टोबर जवळ आला की मराठवाड्यात दरवर्षी एकच चौकशी सुरू होते: नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरण, ६५ टक्क्यांच्या वर आहे का खाली? खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. मग नाशिक-नगरकडची आंदोलनं, कोर्टातल्या तारखा, पोलीस बंदोबस्तात उघडलेले दरवाजे, सगळं ओघानंच येतं. या भांडणानं एक मात्र चांगलं केलं. इथं पारावर बसलेला माणूसही टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत बोलतो. जायकवाडीचा उपयुक्त साठा ७६.६५ टीएमसी आहे हे त्याला कुणा अभियंत्याला विचारावं लागत नाही.

त्याच माणसापुढं एक दुसरं गणित मांडायला हवं. ७६.६५ टीएमसी म्हणजे २१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे २ लाख १७ हजार १०० कोटी लिटर. पीएफओएस नावाचं एक औद्योगिक रसायन आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४ नॅनोग्रॅम अशी ठरवली; नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. आता गुणाकार करा. उत्तर येतं ८ किलो ७०० ग्रॅम. उपयुक्त साठा पूर्ण भरलेला असताना तो सगळाच्या सगळा त्या मर्यादेवर नेऊन ठेवायला पावणेनऊ किलो पुरतात. पीएफओएस ज्या कुळातलं आहे त्याला पीफास म्हणतात. युरोपनं त्या कुळातल्या वीस रसायनांच्या बेरजेला लिटरला १०० नॅनोग्रॅमपर्यंत मुभा दिली आहे. त्या सैल मापानं मोजलं तरी २१७ किलो भरतात. एका छोट्या टेम्पोत आरामात मावतील.

हे कागदावरचं गणित आहे हे मान्य. एवढं रसायन कुणी एका रात्रीत धरणात ओतत नाही. काही गाळात बसतं, काही माशात जातं, काही दरवाजांतून खाली पैठण-नांदेडकडे वाहून जातं. पण माप कशाचं आहे ते कळावं म्हणून ते मांडलं. आपण भांडतो ते अब्जावधी लिटरांवर, आणि ते सगळं नासवणारी वस्तू किराणा दुकानाच्या काट्यावर तोलता येते. तेव्हा हिशोबही तिथंच ठेवायला हवा, जिथं ती वस्तू ड्रममधून आत येते. कारखान्याच्या गेटवर, आग विझवायच्या फोमच्या खोलीत, डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या शेडमध्ये. पाण्यात सापडल्यावर शोधायला निघणं म्हणजे बैल चोरीला गेल्यावर गोठ्याला कुलूप.

सध्या आपण पाण्याची परीक्षा कशी घेतो? जारवाला प्लँटच्या नळाखाली टीडीएस मीटर धरतो, पडद्यावर ५० किंवा ६० दिसतं, गिऱ्हाईक खूश. गावात जलसुरक्षक ब्लिचिंग टाकून क्लोरीनची ओटी टेस्ट करतो, पिवळा रंग आला की काम झालं. तपासणीच्या किटमध्ये सामू, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह एवढ्याच्या बाटल्या असतात. या सगळ्या परीक्षा आपापल्या जागी उपयोगी आहेत. पण टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतं. त्याच्यावर उमटू शकणारा सगळ्यात छोटा आकडा १ आहे, म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम. तो वरच्या मर्यादेच्या अडीच लाख पट आहे. संभाजीनगरला पाणी देणाऱ्या फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी आणि क्लोरीन आपलं काम चोख करोत, पीएफओएस त्यातून जसंच्या तसं पुढं जातं. आणि पाणी उकळलं तर वाफ होते पाण्याची, रसायन पातेल्यात राहतं, उलट थोडं दाटच होतं.

भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात पीसीबीची (जुन्या ट्रान्सफॉर्मरांच्या तेलातलं रसायन) मर्यादा आहे, लिटरला ०.०००५ मिलिग्रॅम. डीडीटी, एंडोसल्फान, लिंडेन या कीटकनाशकांच्याही आहेत. पीफासचं नाव नाही. आणि ज्यांची नावं आहेत तीसुद्धा कुणी मुद्दाम सांगितल्याशिवाय प्रयोगशाळा तपासत नाही. त्या तपासणीला वेगळं यंत्र आणि वेगळे पैसे लागतात.

या चिवट रसायनांचे ढोबळमानानं दोन गोत्रं आहेत आणि त्यांची गल्लत केली की उपायही चुकतो. एक गोत्र चरबीला चिकटणारं: पीसीबी, डायऑक्सिन, डीडीटी, जुनी बीएचसी पावडर. ही पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. काळ्या मातीला, गाळाला, राखेला धरून बसतात, चाऱ्यावरच्या धुळीतून म्हशीच्या दुधातल्या स्निग्धात येतात, तुपात येतात. दुसरं गोत्र पीफासचं. कार्बन आणि फ्लोरीनची इतकी पक्की गाठ की ऊन, जिवाणू, पोटातली आम्लं कुणालाच ती सोडवता येत नाही. यातली पीएफओएस, पीएफओए ही चरबीत न जाता रक्तातल्या प्रथिनांना धरून राहतात आणि पाण्याबरोबर लांब पळतात.

पहिल्या गोत्राचं घरगुती उदाहरण गावरान अंड्याचं. वायरींचे गुंडाळे जाळून तांबं काढणारे प्रत्येक शहराच्या कडेला दिसतात. त्या आगीत डायऑक्सिन तयार व्हायला लागतं ते सगळं एकत्र येतं: पीव्हीसीतलं क्लोरीन, धुरातला कार्बन, उत्प्रेरक म्हणून तांबं, आणि धूर निवताना मिळणारं २०० ते ४५० अंशांचं तापमान. राख तिथंच पडते. मोकळी फिरणारी कोंबडी ती राखमाती दिवसभर उकरते, किडे आणि माती टिपते, आणि ते तिच्या अंड्याच्या बलकात उतरतं. म्हणूनच जगभर डायऑक्सिनचा माग काढताना मोकळ्या कोंबड्यांची अंडी आधी तपासतात. गिऱ्हाईक मात्र गावरान म्हणून दोन रुपये जास्त मोजून तेच अंडं पोराला देतं. जालन्याच्या भट्ट्यांमध्ये जाणाऱ्या भंगाराचाही प्रश्न याच जातीचा आहे. वितळलेल्या लोखंडाच्या तापमानाला डायऑक्सिन टिकत नाही. ते पुन्हा बनतं धूर रमतगमत थंड होताना. त्यामुळं भंगारातून वायर, रेक्झिन, तेलकट डबे आधी निवडून काढणं आणि धूर झटक्यात थंड करणं हे चिमणीची उंची वाढवण्यापेक्षा कितीतरी कामाचं.

आरोग्याबद्दल मोजकं पण नेमकं बोलायला हवं, कारण या विषयात घाबरवणारेही पुष्कळ झालेत. अमेरिकेत ओहायो नदीच्या काठी सुमारे ६९ हजार लोकांची रक्ततपासणी आणि आजारांची नोंद करून पीएफओएचा संबंध सहा गोष्टींशी लावला गेला: मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, आतड्याचा व्रणदाह, गरोदरपणातला रक्तदाब आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०२३ च्या अखेरीस पीएफओएला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग घडवतं हे पक्कं; पीएफओएसला ‘शक्य’ म्हणणाऱ्या गटात ठेवलं. लहान मुलांत लसीची प्रतिपिंडं कमी बनतात असंही दिसलं आहे. पण यातल्या कुठल्याही आजाराची दुसरी शंभर कारणं आहेत, आणि एका रुग्णाकडे बोट दाखवून ‘हा पाण्यामुळंच’ असं कुठलाही प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. पीएफओएस शरीरात गेलं की निम्मं व्हायला तीन ते पाच वर्षं लागतात, हे मात्र खरं. आईच्या दुधातून ते बाळात जातं हेही खरं, तरीसुद्धा अंगावरचं दूध तोडू नये. दुधाचे फायदे त्याहून मोठे आहेत.

आता एका टाकीजवळ थांबू. संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्याचं पोट मोठ्या प्रमाणात गाड्यांच्या सुट्या भागांवर चालतं. शॉक अब्सॉर्बरचा दांडा घ्या. त्याच्यावर हार्ड क्रोम चढवायचं तर टाकीत लिटरला साधारण २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड आणि त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकं सल्फेट असतं, तापमान ५०-५५ अंश. रेक्टिफायरमधून जाणाऱ्या विजेतली जेमतेम १० ते २० टक्के वीज क्रोम चढवते. उरलेली पाणी फोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे काढण्यात जाते. बुडबुडा वर येऊन फुटला की क्रोमिक ॲसिडचा तुषार हवेत उडतो. तो नाकात गेला तर नाकाच्या पडद्याला भोक पडतं, फुप्फुसाचा कर्करोग होतो. म्हणून टाकीत मिस्ट सप्रेसंट टाकतात. त्यानं पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहून खाली येतो आणि बुडबुडा अलगद फुटतो. अशा तापलेल्या आम्लात टिकणारं साबणासारखं रसायन म्हणजे फ्लोरीनवालंच. आणि वर्षानुवर्षं ते पीएफओएस होतं. म्हणजे कामगाराला वाचवायला टाकलेली वस्तू खालच्या गावाच्या पाण्याला जाऊन लागते. यात खलनायक शोधायला गेलं तर कुणी सापडत नाही. प्रश्न अवघड आहे तो त्यामुळंच.

टाकीतून रॅक वर येतो, दांड्यांवरून द्राव ठिबकत रिन्सच्या, म्हणजे धुण्याच्या टाकीत पडतो. रिन्सचं पाणी ईटीपीकडे, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी केंद्राकडे जातं. तिथं ऑपरेटर सामू दोन-तीनवर आणतो, सोडियम मेटाबायसल्फाइट टाकून सहा संयुजेचं क्रोमियम तीनवर आणतो, मग चुन्यानं सामू साडेआठपर्यंत वर नेतो, हिरवट स्लज, म्हणजे गाळ, खाली बसतो. नितळ पाण्यात क्रोमियम नाही असा अहवाल येतो, आणि तो खरा असतो. पण या साऱ्या खटाटोपात पीएफओएसच्या केसालाही धक्का लागत नाही. थोडं स्लजला चिकटतं, बाकीचं नितळ पाण्यातून सीईटीपीकडे, म्हणजे सामाईक सांडपाणी केंद्राकडे आणि पुढं नाल्याला. दोन हजार लिटरची टाकी आणि त्यात लिटरला ५० मिलिग्रॅम पीएफओएस धरा. एका टाकीत १०० ग्रॅम झालं. हे १०० ग्रॅम वरच्या मर्यादेपर्यंत विरळ करायला पाऊण टीएमसीहून जास्त पाणी लागतं.

इथं करण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं निम्मं फुकट आहे. रॅक टाकीवर दहा सेकंदांऐवजी तीस सेकंद ठिबकू दिला तर वाहून जाणारा द्राव चांगलाच कमी होतो. पन्नास अंशांवरची टाकी रोज पाणी गमावते, तेव्हा पहिल्या रिन्सचं पाणी परत टाकीत घालता येतं. मात्र असं बंद चक्र चालवलं की लोखंड, तांबं, तीन संयुजेचं क्रोमियम टाकीत साचत जातं, प्लेटिंगला काळसर झाक येते, आणि वैतागलेला मालक एक दिवस सगळी टाकी रिकामी करतो. साऱ्या वर्षाची बचत त्या एका दिवशी वाहून जाते. म्हणून टाकी साफ ठेवायची सोयही सोबतच बसवावी लागते. तरंगते प्लॅस्टिकचे चेंडू तुषार थोपवतात, पण रॅकसोबत बाहेर पडतात. ओढपंख्याला जाळीचा मिस्ट एलिमिनेटर लावणं अधिक खात्रीचं. दिखाऊ क्रोमसाठी तीन संयुजेच्या क्रोमियमची प्रक्रिया आहे, हार्ड क्रोमला मात्र ती अजून सर्रास चालत नाही. आणि ‘आम्ही पीएफओएस केव्हाच बंद केलं’ एवढ्यावर विसंबू नये. जुन्या टाकीच्या अस्तरात, तळच्या गाळात ते मुरलेलं असतं आणि पुढं अनेक वर्षं सुटत राहतं. पर्याय म्हणून आलेलं ६:२ एफटीएससुद्धा पीफासच आहे, फक्त शरीरात कमी रेंगाळतं.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यानं २०१८ पासून शहरांच्या सांडपाणी केंद्रांना आपल्या हद्दीतल्या कारखान्यांत पीफासचा उगम शोधायला लावलं. क्रोम प्लेटिंगवाले मोठा उगम निघाले. त्यांच्या गेटच्या आत दाणेदार कोळशाचे फिल्टर बसले आणि पुढच्या केंद्रातलं पीएफओएस झपाट्यानं खाली आलं. साऱ्या नदीला फिल्टर लावण्याची वेळ आली नाही.

फोमची गोष्ट छोटी आहे. पेट्रोल, सॉल्व्हंट यांच्या आगीसाठी एएफएफएफ फोम असतो: तीन भाग फोम, सत्त्याण्णव भाग पाणी. त्याच्या जुन्या दोनशे लिटरच्या ड्रममध्ये फ्लोरीनवालं द्रव्य एकच टक्का धरलं तरी दोन किलो होतं. आग लागली तर फोम वापरलाच पाहिजे, तिथं वाद नाही. पण १४ एप्रिलला अग्निशमन सप्ताह सुरू होतो, फोटोसाठी मॉक ड्रिल होतं, पांढरा फेस पावसाळी गटारात जातो आणि पुढच्या पावसात ओढ्याला. सराव साध्या पाण्यानं किंवा फ्लोरीन नसलेल्या फोमनं करावा, गटाराच्या तोंडाला आधी बोळा लावावा. मुदत संपलेला ड्रम भंगारवाल्याला देणं तर सगळ्यात वाईट. तो ड्रम धुतो आणि पाणी साठवायला विकतो. उन्हाळ्यात टँकरच्या गावात प्लॅस्टिकच्या ड्रमला किती मागणी असते हे सांगायला नको.

डीपीतल्या तेलाबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल. पीसीबी हे न पेटणारं तेल. त्यामुळं ते मुख्यत्वे कारखान्यांतल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरांत आणि कपॅसिटरांत असायचं. शेतातल्या डीपीत साधं खनिज तेल असतं. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदेशानं पीसीबीचा कुठल्याही स्वरूपातला वापर बंद करायची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२५ ठेवली होती. ती उलटली. अडचण अशी की पीसीबी आपल्या जागी बसून राहत नाही. दुरुस्तीच्या शेडमध्ये एकच फिल्टर मशीन सगळ्या ट्रान्सफॉर्मरांचं तेल गाळतं. त्यात एकदा पीसीबीवालं तेल फिरलं की पाइपांत, टाकीत राहिलेला अंश पुढच्या कित्येक डीप्यांना लागतो. मग त्या डीपीचं तेल चोरीला जातं, वेल्डिंग मशीन थंड ठेवायला विकलं जातं, वाटेत शेतात सांडतं. जपानमध्ये १९६८ साली तांदळाच्या कोंड्याचं तेल शुद्ध करताना गरम पाइपाला पडलेल्या बारीक छिद्रांतून पीसीबी खाद्यतेलात झिरपलं होतं. आधी लाखो कोंबड्या मेल्या, मग माणसांच्या अंगावर पुरळ उठले, बाळं काळपट जन्मली. त्या लोकांवर पुढं अनेक दशकं उपचार चालले.

कायद्याची मर्यादा आहे दहा लाख भागांत ५० भाग. शेडमध्ये काहीजण पाण्याच्या ग्लासात तेलाचा थेंब टाकून बघतात: बुडाला तर पीसीबी, तरंगला तर खनिज. शुद्ध पीसीबी पाण्याहून जड असतं म्हणून ही युक्ती निव्वळ पीसीबीच्या तेलाला लागू पडते. ५०, ५०० किंवा ५००० भागांची भेसळ असलेलं तेल सरळ तरंगतं आणि आपण निर्धास्त होतो. तांब्याची तार तापवून हिरवी ज्योत बघण्याचा प्रयोग तर करूच नये, तो धूरच विषारी. यासाठी सोपं किट मिळतं. नमुन्यात सोडियमनं क्लोरीन सुटं केलं जातं आणि रंगावरून ५० च्या वर की खाली ते कळतं. घामानं किंवा मिठानं नमुना बिघडला तर हे किट खोटा गजर करतं, पण असलेलं पीसीबी सहसा लपवत नाही. गजर झाला तरच नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीला पाठवायचा. म्हणजे हजार डीप्या तपासायला हजार महागड्या चाचण्या लागत नाहीत. आणि सुरुवात डीपीपासून करायचीच नाही. आधी फिल्टर मशीनच्या टाकीतलं तेल आणि शेडच्या दारातली काळी पडलेली माती तपासा. तिथं काही नसेल तर पुढचं बरंचसं काम वाचलं. सापडलं तर स्वच्छ तेल मिसळून ५० च्या खाली आणण्याचा मोह आवरावा. विष तेवढंच राहतं, फक्त जास्त डीप्यांत जातं.

एवढा आटापिटा उगमाशीच का, याचं उत्तर आपल्या पायाखालच्या काळ्या खडकात आहे. बेसॉल्टला स्वतःला पाणी धरता येत नाही. पाणी राहतं आणि पळतं ते भेगांतून. वाळूच्या प्रदेशात दूषित पाण्याचा पट्टा नकाशावर साधारण आखता येतो. इथं नाल्याला लागून असलेली विहीर स्वच्छ आणि अर्ध्या किलोमीटरवरचं बोअर खराब असं होऊ शकतं. त्यात आपण बोअर घेताना केसिंग खडकाला टेकलं की थांबतो, भोवतालची फट सिमेंटनं बंद करत नाही. वरच्या थरातलं पाणी त्या फटीतून थेट आठशे फुटांवरच्या पाण्याला जाऊन मिळतं. एकेका शिवारात अशी कितीतरी भोकं आहेत. एकदा खाली गेलेलं पीएफओएस त्या भेगांतून उपसून काढायची पद्धत कुठल्याच देशाकडे स्वस्तात नाही.

मग आरओ आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे, आणि चालू पडद्याचा आरओ पीफास अडवतो हेही खरं. पण गावच्या प्लँटमध्ये शंभर लिटरमागं चाळीस-पन्नास लिटर रिजेक्ट, म्हणजे टाकाऊ पाणी निघतं, आणि अडवलेलं सगळं त्यात असतं. ते शोषखड्ड्यात जातं. शोषखड्डा त्याच बोअरच्या शेजारी. कोळशाचा फिल्टर लावला तर तो भरल्यावर काहीच न सांगता अडवलेलं पुन्हा पाण्यात सोडायला लागतो; आधी आखूड साखळीची रसायनं, मग लांब. वेळेवर कोळसा बदलायचा आणि जुना हजार-अकराशे अंशांच्या भट्टीत न्यायचा हे कारखान्याला बांधून घालता येतं, ग्रामपंचायतीला नाही. सांडपाणी शुद्ध करून शेतीला आणि उद्योगाला देण्याच्या योजना दुष्काळी भागात हव्याच आहेत; पण शहराच्या मैलापाण्यात प्लेटिंगचं पाणी मिसळत असेल तर त्या केंद्राचा स्लज खत म्हणून शेतात जाता कामा नये. अमेरिकेतल्या मेन राज्याला २०२२ मध्ये असा स्लज शेतात टाकण्यावर सरसकट बंदी घालावी लागली, तीही शेतं खराब झाल्यावर.

कायदा नाही अशी तक्रार करायला फारशी जागा नाही. चिवट रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात पीएफओएस २००९ मध्येच आलं. आपण तो करार २००६ साली मंजूर केला, पण नव्यानं आलेलं प्रत्येक रसायन वेगळं मंजूर करायचा पर्याय ठेवला, आणि २०२० मध्ये ज्या सात रसायनांना संमती दिली त्यांत पीएफओएस नव्हतं. ही उणीव दिल्लीची. पण जुलै २०२५ मध्ये दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम आले आहेत. जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी संशयित जागांचा अहवाल द्यायचा, प्रदूषण मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर, आणि जबाबदार कोण ते ठरवून खर्च त्याच्याकडून वसूल करायचा. साफसफाई कधी संपवायची याची तारीख मात्र नियमात नाही, हे त्यांचं मोठं छिद्र. तरीही ती सहामाही यादी हा खरा दरवाजा आहे. आठही जिल्ह्यांतल्या ग्रामसभांनी ठराव करून जागा नावानिशी जिल्हाधिकाऱ्यांकडे द्याव्यात: वायर जाळायची जागा, बंद पडलेलं प्लेटिंग युनिट, तेलाची शेड.

दुसरा दरवाजा त्याहून साधा. संमतीपत्र घेणारा प्रत्येक कारखाना दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ५ देतो. त्यात कच्च्या मालाचा खप लिहायचाच असतो. त्याच रकान्यात एक ओळ वाढवा: फ्लोरीनयुक्त सरफॅक्टंट (साबणासारखं रसायन), सीएएस क्रमांक (रसायनाचा ओळख क्रमांक), वर्षात आले किती किलो, उरले किती, गेले कुठं. ड्रमसोबत येणाऱ्या सुरक्षा पत्रकाच्या तिसऱ्या भागात हा क्रमांक असतो. १७६३-२३-१ किंवा २७९५-३९-३ दिसलं तर ते पीएफओएस आणि त्याचं पोटॅशियमचं मीठ, ३३५-६७-१ म्हणजे पीएफओए. ‘प्रोप्रायटरी’ लिहून क्रमांक झाकला असेल तर तो माल घ्यायचा नाही, किंवा पुरवठादाराकडून लेखी घ्यायचं. मोठ्या गाडी कंपन्या पुरवठादारांकडून प्रत्येक भागातल्या द्रव्यांची यादी आधीच मागतात. पण ती यादी भागात काय उरलं त्याची असते. टाकीतून धुवून गेलेलं त्यात येत नाही, म्हणून निर्यातीची सगळी कागदपत्रं स्वच्छ आणि नाला मात्र नाही, असं घडू शकतं.

दोन आक्षेप खरे आहेत. पहिला: आमच्या बोअरमध्ये नायट्रेट आणि फ्लोराइड आहे, उन्हाळ्यात टँकर वेळेवर येत नाही, आणि तुम्ही नॅनोग्रॅम घेऊन बसलात. बरोबर. पैसे एकाच कामाला असतील तर आधी नायट्रेट-फ्लोराइडकडेच बघावं. पण नायट्रेट खत आणि उकिरडा आवरला की काही वर्षांत उतरू लागतं. पीफास उतरत नाही, त्यामुळं त्याला आत येऊ न देण्याचा खर्च आज किरकोळ आहे आणि नंतर कुणालाच परवडणारा नाही. दुसरा आक्षेप नोकऱ्यांचा. अनुशेष सोसलेल्या भागाला उद्योग हवेत, त्यात खोटं काही नाही. इटलीत व्हिचेन्झाजवळच्या पीफास कारखान्यानं सुमारे साडेतीन लाख लोकांचं पाणी बिघडवलं, तो २०१८ मध्ये बंद पडला, जून २०२५ मध्ये त्याच्या ११ जणांना शिक्षा झाली. त्याची यंत्रसामग्री दरम्यान विकत घेऊन कोकणात लोटे परशुरामला आणली गेली. ज्याला दुसरीकडे जागा मिळत नाही असा उद्योग पाणी नसलेल्या, काम मागणाऱ्या भागाचा दरवाजा ठोठावतो. त्याला आत घ्यायचं की नाही हे ठरवायला तरी आपल्याकडे किलोंची वही हवी.

आणि पाणी तपासायचंच असेल तर ते नीट तपासावं, कारण या चाचणीत नमुना घेणाराच निकाल बिघडवतो. पीफाससाठी पॉलिप्रॉपिलीनची बाटली लागते, काचेला ते चिकटतं. पीसीबी आणि कीटकनाशकांसाठी उलट, गडद काचेची बाटली, कारण ती प्लॅस्टिकला चिकटतात. एकाच बाटलीत दोन्ही भरून आणली तर दोन्ही आकडे खोटे. टेफलॉनचं झाकण किंवा टेप नको, अंगात रेनकोट नको, हाताला क्रीम नको. नायट्राइलचे हातमोजे घालून बाटली भरायची, बर्फाच्या डब्यात ठेवायची. प्रयोगशाळेतून आलेल्या शुद्ध पाण्याची एक बाटली त्याच जागी उघडून दुसऱ्या बाटलीत ओतायची. तिच्यात पीफास निघालं तर दोष विहिरीचा नसून आपल्या हाताचा. एक फेरी मेअखेरीस, विहिरी तळाला गेलेल्या असताना. दुसरी ऑक्टोबरात. जागा थोड्याच, पण नेमक्या हव्यात: सीईटीपीचं तोंड, संभाजीनगरची खाम नदी, नाल्याखालच्या तीन-चार विहिरी आणि नाथसागराच्या फुगवट्यातला मासा. पीएफओएस माशात पाण्यापेक्षा कित्येक पटींनी साठतं, त्यामुळं पाण्याच्या नमुन्यात हाती न लागलेलं भोयांच्या जाळ्यातल्या एका रोहूत सापडू शकतं.